काचेआडचं धुकं

"गुनवोर, जरा येता का? कॅमेऱ्याच्या पोटात समुद्र शिरलाय. आणि प्रेबेन म्हणतोय, माझ्यामुळेच शिरला."

फोनवरच्या पोरीचा आवाज कोरडा होता. रडून झाल्यावर होतो तसा.

गुनवोर म्यूरलानने टोपी कानांवर ओढली, पोलीस चौकीला कुलूप लावलं आणि निघाली. चौकी म्हणजे तरी काय? ती स्वतः, एक टेबल आणि कॉफीचं भांडं. उत्तर टोकाच्या शेलविक गावात गुन्हे व्हायला आधी माणसं तर हवीत! निम्म्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. सूर्य नोव्हेंबरात जो डोंगराआड गेला तो जानेवारीपर्यंत तोंड दाखवणार नव्हता; सकाळपासून दुपारपर्यंत तेवढा निळसर उजेड पडायचा. नवरा गेल्यापासून दिवसभर गुनवोरशी बोलायचा तो रेडिओ. आणि रविवारी, कॉफीच्या वेळी, अस्लाक.

नावघरात हाडं गोठवणारी थंडी होती. टेबलावर ॲल्युमिनियमची जाडजूड पेटी उघडी पडली होती आणि तिच्यातून खारं पाणी ठिबकत होतं. आत सिनेमाचा तो मोठा कॅमेरा. गावाने त्याचं नाव 'पांढरा हत्ती' ठेवलं होतं. कोपनहेगनहून आलेला दिग्दर्शक प्रेबेन फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीतल्या, ओर्का देवमाशांवर चित्रपट करत होता, आणि एवढा महागडा कॅमेरा पाण्याखाली नेण्यात अर्थ आहे का, हे त्याला आठवडाभर पारखून बघायचं होतं. एकीकडे हा हत्ती, स्वतः बुडी मारणाऱ्या प्रेबेनच्या हातात. दुसरीकडे म्हाताऱ्या अस्लाकचा मुठीएवढा कॅमेरा, लांब काठीला बांधून नावेवरून पाण्यात सोडलेला. गावातल्या दुकानात यावर पैजा लागल्या होत्या.

"हे बघा," प्रेबेनने चिमट्यात धरलेला एक केस पुढे केला. लांब, गवतासारखा पिवळा. "पेटीच्या तोंडाला रबराचं कडं असतं. त्यावर हा आडवा पडला होता. वर काही कळत नाही, पण खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो आणि केसापाशी वाट मिळते. आता हा केस कुणाचा, ते मी सांगायला हवं का?"

इडुनने नकळत स्वतःची वेणी टोपीत खोचली. फोन केला होता तो तिनेच. ती प्रेबेनची सहायक. कॅमेरा पुसणं, पेटीत बसवणं, पेटी बंद करणं, सगळं तिच्याकडे.

"दुपारच्या बोटीने ती घरी जाणार," प्रेबेन म्हणाला. "आणि ज्यांच्याकडून कॅमेरा आणला त्यांना मी आजच कळवणार, सहायकाची हयगय म्हणून."

"म्हणजे मी संपले," इडुन म्हणाली. "पाण्याखाली काम करणारी माणसं मूठभर, गुनवोर. सगळे एकमेकांना ओळखतात. ज्या पोरीने कॅमेरा बुडवला तिच्या हातात परत कोण कॅमेरा देईल?"

"बोट यायला अवकाश आहे," गुनवोर म्हणाली. "प्रेबेन, तू बाहेर थांब. तुझ्याशी मग बोलते."

दार लागलं. गुनवोरने हातांवर फुंकर घातली.

"इथे शेगडी का नाही गं? बोटं गळून पडतील तुझी."

"शेगडी चालतच नाही. पेटी थंड जागेतच बंद करायची. उबदार खोलीत केली की उबदार हवा आत कोंडली जाते. मग पेटी गारठली की काच आतून धुरकट होते. म्हणून मी अशी कुडकुडत काम करते."

"आज सकाळी नेमकं काय केलंस?"

"कडं पुसलं, भिंगातून बघितलं, पेटी बंद केली, हातपंपाने आतली हवा ओढली. दिवा हिरवा झाला. हिरवा म्हणजे घट्ट. तीच पेटी उचलून अस्लाकच्या नावेवर नेली आणि डेकवर उघड्यावर ठेवली. पंप पिशवीत घालून बाजूला."

"प्रेबेनने पेटीला हात लावला?"

"बघितलीसुद्धा नाही. तो धक्क्यावर उभा होता. अस्लाकने आणि मी त्याला पाणबुड्याचा पोशाख चढवला. हातमोजे मनगटाच्या कड्यात अडकवून बंद केले. ते एकदा बंद झाले की स्वतःचे स्वतःला निघत नाहीत. नाक पुसायचं तरी दुसरा माणूस लागतो."

"आणि तू?"

"मी धक्क्यावरच राहिले. नाव गेली, ते दोघंच तिच्यात."

"काल गेली होतीस नावेवर?"

"काल गेले होते. लाटेने भिजले, तर अस्लाकने आत शेगडीपाशी बसवलं, कॉफी दिली, केस वाळवायला टॉवेल दिला. फार चांगला आहे हो म्हातारा."

"आहे," गुनवोर म्हणाली. तिला बरं वाटलं ते ऐकून.

प्रेबेनची खोली खानावळीच्या माडीवर होती. भिजलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने वाळवून काढलं होतं. नशिबाने चित्रण वाचलं होतं.

"कुणाकुणाला दाखवलंस हे?"

"कुणालाच नाही. दाखवण्यासारखं आहे काय त्यात?"

खरंच नव्हतं. सुरुवातीला नावेचा कठडा, शिडी, पलीकडे डोंगराचा नुसता भास. सगळ्यावर पांढुरकी साय. मग कॅमेरा पाण्यात शिरला. तिथेही तेच. मधला भाग हळूहळू निवळला, एक काळी सावली सरकून गेली आणि पडदा काळा झाला.

"पाण्यात उतरायच्या आधीच चालू केला होतास?"

"नेहमीच करतो. मोज्यांच्या जाड बोटांनी पाण्यात बटण सापडत नाही."

"मग वर डेकवर हे पांढरं कसलं?"

"समुद्राचा धूर. तुमच्या फ्योर्डवर या थंडीत असतोच की."

असतो, हे खरं होतं. हवा पाण्याहून थंड झाली की फ्योर्ड चहाच्या किटलीसारखा वाफाळतो. गुनवोरने मान हलवली.

"नावेवर तू कुठे होतास?"

"पुढे, नाळेपाशी. देवमाशांचे पंख शोधत. अस्लाक आत सुकाणूवर."

"तुझं आणि इडुनचं काही बिनसलं होतं?"

प्रेबेन जरा वरमला. "ती मला म्हणाली होती, 'हत्ती परत पाठवा, ओर्का तुमच्यासाठी थांबत नाहीत.' चारचौघांत म्हणाली. झोंबलं मला. पण म्हणून मी माझाच कॅमेरा बुडवीन? तेवढा मूर्ख नाही मी."

अस्लाकच्या स्वयंपाकघरात वॅफल भाजल्याचा वास होता. तिला बघून त्याने न विचारता दुसरा कप काढला.

"आज वार कुठला? वाट चुकलीस काय गं?"

"कामावर आहे, अस्लाक."

"कामावर असलं तरी पोट असतंच." त्याने वॅफलवर तपकिरी चीजचा काप ठेवून तिच्याकडे सरकवला. पूर्वी हाच माणूस बर्फाच्या पाण्यात सील माशासारखा उतरायचा. खांदा गेला आणि कॅमेऱ्याची काठी हातात आली.

"सकाळचं सांग."

"काय सांगू? तो उतरला, जरा वेळाने वर आला आणि डॅनिशमध्ये शिव्या. पेटीत पाणी! मी आधीच म्हटलं होतं, ही असली धुडं स्टुडिओत शोभतात. थांब, तुला गंमत दाखवतो."

त्याने आपला संगणक उघडला. हौसेने, चष्मा नाकावर सरकवत. आधी डेक दिसलं: काठीवरचा कॅमेरा पाण्याकडे वळण्याआधी प्रेबेनवरून फिरला होता. प्रेबेन कठड्याशी, छातीशी पेटी धरून, उडीच्या तयारीत. मग पाणी, हेरिंग माशांची चंदेरी झुंड, आणि तिच्यातून सरकन गेलेली ओर्का, डोळ्यासकट.

"बघ!" अस्लाक म्हणाला. "डोळा बघ तिचा! आणि त्याच्या हत्तीने काय टिपलं? नुसतं दूध!"

गुनवोरच्या हातातला घास हातातच राहिला.

"पुन्हा पहिल्यापासून लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं. त्याला वाटलं, तिला आवडलं. तिने ओर्का बघितलीच नाही. तिने प्रेबेनच्या मागचा डोंगर बघितला. त्यावरची बर्फाची रेघ न् रेघ दिसत होती. पलीकडच्या धक्क्यावरचा दिवासुद्धा.

"छान आलंय," ती म्हणाली. "मला याची एक प्रत हवी."

"घे की! हवं तर चौकीत लाव भिंतीवर."

त्याने ती आनंदाने दिली. गुनवोरने ती फोनवर घेऊन फोन खिशात घातला आणि कॉफी अर्धी टाकून उठली. असं तिने त्या घरात कधी केलं नव्हतं.

किनाऱ्याकिनाऱ्याने ती चालत राहिली. गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? पोरगी तरुण आहे, दुसरा धंदा धरेल. प्रेबेन कोपनहेगनला जाईल. राहतील शेलविकमध्ये ती आणि अस्लाक. आणि अस्लाकही गेला, तर मग कोण? तिला स्वतःची लाज वाटली, पण विचार जाईना. मेला चिकटून बसला होता. तेवढ्यात फ्योर्डच्या तोंडाशी बोटीचे दिवे दिसले आणि ती पळत सुटली.

धक्क्यावर इडुन पिशवी घेऊन उभी होती. प्रेबेन खिशात हात घालून दुसरीकडे बघत होता. अस्लाक शेजारीच आपल्या नावेचा दोर आवळत होता.

"पिशवी खाली ठेव," गुनवोरने इडुनला सांगितलं. "प्रेबेन, सकाळी समुद्रावर धूर नव्हता."

"नव्हता कसा? मी स्वतः..."

"तू कॅमेऱ्यात बघितलास. हे बघ." तिने फोनवर अस्लाकचं चित्रण लावून त्याच्यापुढे धरलं. "हा तू. हा डोंगर, लख्ख. तुझ्या कॅमेऱ्यात त्याच क्षणी तोच डोंगर धुरकट. धुकं समुद्रावर नव्हतं, तुझ्या काचेच्या आत होतं. पेटी पाण्याला टेकायच्याही आधी."

इडुनने फोन हिसकावूनच घेतला. "म्हणजे पेटी गरम जागी उघडली कुणीतरी! मी नावघरात बंद केली, तिथे तर..."

"तिथे माझीही बोटं गळत होती. नावघर गार, डेक गार. नाव सुटल्यावर उबदार जागा एकच. नावेतली सुकाणूची खोली, जिथे शेगडी आहे. प्रेबेन तिथे गेला असता तरी त्या मोज्यांनी पेटीच्या कळा उघडून केस ठेवू शकला नसता. मोजे काढायला त्याला दुसऱ्याचे हात लागतात. उघड्या हातांचा माणूस नावेवर एकच होता. पंपही तिथेच होता. पेटी उघडली, केस ठेवला, हवा ओढली. केस इतका बारीक की दिवा हिरवाच."

बोट जवळ येत होती.

"एवढ्यावरही मी स्वतःला समजावलं असतं," गुनवोर म्हणाली. "पण अस्लाक, तू म्हणालास, हत्तीने दूध टिपलं. प्रेबेनने ते चित्रण माझ्याशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं. काच धुरकट होणार हे फक्त पेटी उघडणाऱ्याला ठाऊक होतं. तुला वाटलं, सगळे म्हणतील पाणी शिरलं म्हणून धुकं. पण हा वरच कॅमेरा चालू करतो, हे तुला माहीत नव्हतं."

अस्लाकने दोराची गाठ पुरी केली. मग वर बघितलं.

"बाहेर केलं असतं तर धुकं झालं नसतं," तो म्हणाला. "पण बाहेर हा होता. आणि थंडीत माझी बोटं आता ऐकत नाहीत."

"का पण?" इडुन म्हणाली. "आणि माझा केस? तो माझा आहे हे दिसलं नाही तुम्हाला?"

"बाकावर पडला होता. हाताला लागला तो घेतला. मला वाटलं, पाणी शिरलं की यंत्राला नावं ठेवतील. म्हणतील, एवढा मोठा कॅमेरा पाण्यात चालत नाही. तुझ्यावर येईल हे मनातच आलं नाही बघ. आणि आलं तेव्हा... तेव्हा मी वॅफल भाजत बसलो."

"अस्लाक," प्रेबेन हळूच म्हणाला, "माझं काल ठरलं होतं. हत्तीला वळायला वेळ लागतो. शांत, लांबून घ्यायच्या दृश्यांना तो सोन्यासारखा आहे. पण ओर्का अंगावर आली की तुझी काठीच खरी. दोन्ही ठेवणार होतो मी. आज जेवताना सांगणार होतो."

म्हातारा गुनवोरकडे वळला.

"मोठे कॅमेरे आले की पाण्यात उतरणारी जवान पोरं लागतात. काठीवाल्या म्हाताऱ्याकडे कोण येणार? वर्षातून हे दोन महिने माझ्या नावेवर माणसांचे आवाज असतात, गुनवोर. शिव्या, चेष्टा, ओले बूट. तेवढ्यावर मी बाकीचं वर्ष काढतो."

"मी येते ना तुझ्याकडे."

"तू रविवारी येतेस. बाकीचे वार पण असतात."

बाकीचे वार तिच्याकडेही होते आणि तेही ती एकटीच काढत होती. त्याच्यापासून तीन घरं सोडून. रविवारखेरीज कधी त्याची पायरी चढून गेली नव्हती.

बोट आली आणि कुणाला न घेता गेली. प्रेबेनने इडुनची पिशवी स्वतः उचलली. "चुकलो मी," एवढंच तो म्हणाला.

चौकीत गुनवोरने कॉफी टाकली आणि जबाब लिहायला कागद ओढला.

"पूर्ण नाव?"

"तुला माहीत नाही होय?"

"सांगावं लागतं, अस्लाक."

त्याने सांगितलं. जन्मगाव सांगितलं, धंदा सांगितला. पेटी कशी उघडली तेही एकेक करून, काही न लपवता सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं.

"जवळचं माणूस? म्हणजे तुला काही झालं तर कुणाला कळवायचं?"

अस्लाकने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुलाच," तो म्हणाला.

गुनवोरने मान खाली घातली आणि त्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं.