वखारीच्या भिंतीतलं घड्याळ

पांढरा खार जमिनीपासून एकशे दहा सेंटीमीटरवर सुरू होत होता आणि दीडशेवर संपत होता. त्याखाली भिंत कोरडी, त्यावरही कोरडी. मधे सहा विटा काढल्याचं भोक होतं आणि खार फक्त त्याच्या कडांना होता.

मैना सुर्वेंनी टेप गुंडाळली, बोटाने थोडा खार टिपला आणि जिभेला लावला.

"बाई, काय हे!" लवू ओरडला. "कळी चुना असला तर?"

"मीठ आहे, लवूदादा."

लवू निवृत्त हवालदार. मैनाबाई पूर्वी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासत. आता खाजगी तपासाची कामं घेत, आणि लवू सोबत असे.

बाकी रत्नागिरी चिऱ्याची. खाडीकाठची ही वखार मात्र विटांची. जुन्या काळी वखारवाल्या घराण्याची गलबतं माल उतरवून परतताना वजनासाठी विटा भरून आणत. आता तळमजल्याचं हॉटेल होत होतं. वरचा माळा घरच्या थोरल्या मुलाचा, सुलेमानचा. हमिदाबी त्याची बायको. माळा हॉटेलला द्यायचा की नाही, हे तीन वर्षं ती सांगत नव्हती. विचारलं की म्हणे, "ते आले की बघू."

सुलेमान चौऱ्याहत्तर साली बोटीवर गेला. आता शहाऐंशी चालू होतं. मंगळवारी दारासाठी भिंत फोडताना पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यात त्याचं मनगटी घड्याळ.

"जाताना मीच बांधलं होतं," हमिदाबी म्हणाली. "पट्ट्याला हे जादा भोक मी दाभणाने पाडलंय. म्हणजे ते येऊन गेले, बाई. मला न भेटता का गेले, तेवढं शोधा. मग मी माळ्याचं बोलेन."

मैनाबाईंनी मान हलवली. शब्द मात्र दिला नाही.

ठेकेदार काशीराम नकाशा घेऊन आला.

"नकाशात दार पहिल्यापासून इथेच होतं?" मैनाबाईंनी विचारलं.

"होय. बाईंच्या दिरांनी, अस्लम मास्तरांनी, दोनदा पलीकडे सरकवायला सांगितलं. म्हणाले, इथे ओल आहे. मुंबईचे साहेब ऐकतात होय! गिऱ्हाइकाला खाडी दिसली पाहिजे."

"आणि ओल?"

"खाली हात लावून बघा. पापड वाळत घाला."

राखणदार भागोजी चाळीस वर्षं इथे होता.

"भागोजीबाबा, डागडुजीला पुळणीची वाळू वापरता?"

"पुळणीची?" म्हातारा हसला. "एकदा आणली, तर सुलेमानशेठनी टोपलीच लाथाडली. म्हणाले, दर्याची वाळू भिंत खाते, नदीची आण. गवंड्याला शिकवतील असे ते. धाकटे मास्तर मात्र कायम पुस्तकात."

बाहेर आल्यावर लवू कुजबुजला, "हाच तो. चाव्या याच्याकडे."

"चाव्यांनी विटा बसत नाहीत, लवूदादा."

अस्लम सुलेमानचा धाकटा भाऊ, हायस्कुलात शिक्षक.

"सारखी घड्याळं पुष्कळ असतात," तो म्हणाला. "भाईची पत्रं येतात ना दर ईदला."

"कोण आणतं?"

"आखातातून कोणीतरी गावी येतं. मी एस.टी. स्टँडवरून घेतो, भाबीला वाचून दाखवतो. भाईला लिहिता येत नाही. बोटीवरचं कोणी लिहून देतं."

हमिदाबीने पत्रं काढली. बारा होती. पहिली तीन निळी, टपालाच्या शिक्क्यांची. पुढची नऊ रेघी कागदांवर, कोणाच्या तरी हाती आलेली. प्रत्येकात बोटीचं नाव वेगळं. मैनाबाईंनी ही नऊ सालवार मांडली. प्रत्येकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चहाचा डाग होता. पहिल्यावर रुपयाएवढा, पुढे लहान होत गेलेला, नवव्यावर मसुरीच्या दाण्याएवढा.

"खलाशी चहा सांडणारच," लवू म्हणाला. "बोट हलते."

"हो," मैनाबाई म्हणाल्या आणि बराच वेळ पत्रांकडे बघत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी सगळे त्या भिंतीपाशी जमले. हमिदाबी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"हमिदाबी, ते आले नव्हते," मैनाबाई म्हणाल्या.

मैनाबाईंनी भोकाच्या कडेवर बोट ठेवलं.

"ओल असती तर खार जमिनीकडून वर चढला असता. तो फक्त भोकाभोवती आहे, आणि ते मीठ आहे. म्हणजे या विटा पुळणीच्या वाळूत बसवल्या. सुलेमानशेठनी तसं कधीच केलं नसतं. भागोजीबाबांनी तर त्यापायी बोलणी खाल्ली होती. काम न जाणणाऱ्या माणसाने हा डबा चिणला. आणि डबा सापडायच्या आधीपासून तोच दार सरकवायला सांगत होता."

अस्लमने मान खाली घातली.

"पत्रांचंही तेच. चहा एकदाच सांडला, वहीवर. पानापानांतून झिरपत खाली गेला. नऊ वर्षांची, नऊ वेगळ्या बोटींची पत्रं एकाच वहीची आहेत. ती वही बोटीवर कधी गेलीच नाही."

"सत्त्याहत्तरच्या एप्रिलात," अस्लम म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "भाईचा सोबती शाळेत आला, घड्याळ घेऊन. भाई तापाने गेला होता. दर्यातच सोडला त्याला. भाबी, तेव्हा तुमची लेक रझिया जाऊन आठच दिवस झाले होते. तुम्ही पाणीसुद्धा घेत नव्हतात. अम्मी म्हणाली, आता नको सांगू. मग मी एक पत्र लिहिलं. ते ऐकून तुम्ही पेज प्यायलात."

"आणि पुढची आठ?" मैनाबाईंनी विचारलं.

"पुढची ईद आली."

लवूने घसा खाकरला. "घड्याळ खाडीत का नाही टाकलंत, मास्तर?"

"कबर नाही भाईला, हवालदार. काहीतरी कुठेतरी पुरायला हवं होतं."

हमिदाबी अस्लमकडे बघत होती. "तुझ्या पहिल्या पत्रात होतं, हमिदाच्या हातची भाकरी आठवते. तेही तुझंच?"

"नाही, भाबी. ते भाई तापात बोलला होता. सोबत्याने सांगितलं."

तिने पदराने तोंड दाबलं. बाहेर मजुरांचे हातोडे चालू होते. काशीरामने जाऊन ते थांबवले.

मग ती उठली. "काशीराम, वरचा माळा मी देते. पण चार महिने दहा दिवस तिथे कोणी पाय ठेवायचा नाही. नवऱ्यामागे बाई घरात बसते, ती इद्दत मला तिथेच पाळायची आहे."

"भाबी," अस्लम चाचरत म्हणाला, "ती मौतीच्या दिवसापासून मोजतात. तुमची कधीच संपली."

"किताबात संपली असेल," हमिदाबी म्हणाली. "मी आजपासून बसते."