चाळीस ओळींचा पडदा

"एवढा मोठा पडदा, आणि अक्षरं वरच्या अंगाला दाटीवाटीने. खालचा काळा भाग काय, तोंड बघायला ठेवलाय?" डॉक्टर हसीना शेख कुमुदच्या कानाशी पुटपुटली.

मंगळावरच्या त्या वसाहतीत माणसं अकरा, आणि त्यांच्या प्राणवायूचा अंदाज सांगणारी आज्ञावली एकच. तिचा जुना पडदा गेल्या आठवड्यात कायमचा विझला. नवा निराळ्या जातीचा. आज्ञावली यंत्रभाषेत पक्की बांधलेली, मूळ लिखाण कधीच हरवलेलं. तिच्यात काही बदलायची सोय नाही. म्हणून कुमुद टिकेकरने मध्ये 'पडदा-दुभाष्या' बसवला होता. आज्ञावलीचं ऐकायचं आणि नव्या पडद्याला कळेल असं सांगायचं, एवढंच त्याचं काम.

"सुरू होताना आज्ञावली एकच विचारते, ओळी किती मावतात?" कुमुद म्हणाली. "मग दर ओळीत पुढच्या एकेका महिन्याचा अंदाज लिहिते. मी चोवीस सांगितलंय, जुन्याइतकंच."

"मावतात किती?"

"चाळीस. पण विश्रामसर म्हणाले, लोकांना सवयीचं दिसू दे."

वसाहतीचे प्रमुख विश्राम नाईक मागेच येरझाऱ्या घालत होते. प्राणवायू देणारं शेवाळ त्यांनी बावीस वर्षं खपून वाढवलेलं. "चालतंय ना? मग कशाला उकरायचं?"

कुमुदला मात्र आपला दुभाष्या खोटं बोलतो हे खुपत होतं. झोप धड नव्हती. डोकं तर हल्ली सगळ्यांचंच दुखायचं, आणि प्रत्येकजण ते चहावर ढकलायचा. तिने चोवीस खोडून चाळीस केलं.

ओळी उतरू लागल्या. पुरेसा. पुरेसा. चोविसावा महिना, पुरेसा. सत्ताविसावा, पुरेसा. अठ्ठाविसावा, अपुरा. तिथून तळापर्यंत तेच.

"दुभाष्या चुकला असेल," विश्राम म्हणाले.

"तो फक्त ओळी सांगतो, सर. गणित तिचं, आणि मोजमापं तुमच्या शेवाळाच्या टाकीतली."

हसीना बोटांवर हिशेब करत होती. "हाक मारल्यापासून पृथ्वीवरून यान यायला सव्वीस महिने. जुन्या पडद्यावर 'अपुरा' दिसेपर्यंत हातात चोवीसच... अगं, तो पडदा विझला नसता तर?"

कुमुदने पृथ्वीला धाडायचा संदेश लिहायला घेतला.

"आज कळवलं तर यान पोचतं. जेमतेम," कुमुद म्हणाली. "पण कारण लिहावं लागेल, सर. काय लिहू? गळती? यंत्रबिघाड?"

विश्राम थांबले. खुर्ची ओढून बसले.

"शेवाळ मरतंय," ते म्हणाले. "चार महिने झाले, मला माहीत आहे."