अजून एक गोष्ट करून बघतो

बाहेर भुरभुर पाऊस पडत होता. ती दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढली तेव्हा शालीत गुंडाळलेलं ओझं तिने असं छातीशी धरलं होतं, की आतून बाहेर येणारा तो चटकन बाजूला झाला. नुसता बाजूला नाही, पाठीने काचेचं दार धरून उभाच राहिला.

“सावकाश,” तो अगदी हळू म्हणाला. “झोपलंय का?”

“नाही.”

“बोलायला लागलं?”

“बोलत होतं…” तिचा आवाज कापला. “परवापासून बोलत नाही.”

त्याचा चेहरा एवढा पडला की एरवी तिला हसू आलं असतं. तेवढ्यात शाल घसरली आणि आतून करड्या पत्र्याचा कोपरा डोकावला. त्याने चष्मा वर सारला — एका बाजूची दांडी लुळी पडली होती, म्हणून चष्मा कायम वाकडा — आणि त्या कोपऱ्याकडे निरखून पाहिलं.

“हा तर सीपीयू आहे!”

“मग तुम्हाला काय वाटलं?”

“जाऊ द्या,” तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते. “या आत. दुकान माझंच आहे.”

आत त्याच्या टेबलावर उघडलेल्या कीबोर्डांचा ढीग होता. त्यातच जागा करून त्याने तो डबा ठेवला, आणि तिने सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता ती रडली. अनोळखी माणसासमोर, भर दुपारी, डबा पुसायच्या फडक्याने डोळे पुसत.

गोष्ट अशी होती. तिच्या बाबांना मोठं आजारपण आलं होतं. त्याने त्यांचं बोलणं नेलं आणि अक्षरही नेलं. हात कापायचा, लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता येईना. उरलं ते उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटाने ते टाइप करायचे आणि संगणकातला एक प्रोग्राम ते मोठ्याने वाचून दाखवायचा. प्रोग्राम परक्या भाषेसाठी बनवलेला. त्याला आपली लिपी येत नव्हती, म्हणून बाबा इंग्रजी अक्षरांत लिहायचे, तेही वेडंवाकडं, म्हणजे कानाला जरा तरी बरोबर लागेल. आवाज घोगरा, नाकातला, सर्दी झालेल्या माणसासारखा. आई त्या डब्याशी चक्क भांडायची. “तुम्ही गप्प बसा, मी यांच्याशी बोलतेय,” असं ती एकदा डब्यालाच म्हणाली होती. त्या आवाजात बाबांनी मुलीला रागावलं होतं, चिडवलं होतं, आणि आई गेली त्या दिवशी ‘रडून घे’ असंही म्हटलं होतं.

आणि त्या आवाजाला मुलीचं लाडकं नाव, ‘चिऊ’, म्हणता येत नसे. बाबांनी सगळी अक्षरं उलटसुलट करून पाहिली. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, ‘चाऊ’. आई पोट धरधरून हसली होती. मग घरात तिचं नावच चाऊ झालं.

“मग बिघडलं कसं?” त्याने विचारलं.

“मीच बिघडवलं.” तिने नाक पुसलं. “कोपऱ्यात सारखी ती चौकट यायची — नवी आवृत्ती तयार आहे. मी दर वेळी ‘आत्ता नको’ दाबायचे. एक दिवस वैतागून ‘हो’ दाबलं. सगळं नवं झालं. पडद्यावर लिहून आलं, तुमचं सगळं जिथे होतं तिथेच आहे… आणि आवाज तेवढा गेला. हा प्रोग्राम या आवृत्तीवर चालत नाही, म्हणे.”

“मागे जाता येतं. जुन्या आवृत्तीकडे परत जायची सोय असते.”

ती खाली मान घालून बसली.

“ती सोय… पुसली तर नाही ना तुम्ही?”

“जुन्या फायली काढून टाकायच्या का, असं विचारत होतं. मला वाटलं, कचरा आहे.”

“टापटिपीची आवड दिसतेय,” तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली, कारण ती पुन्हा रडायला लागली होती. “अहो, रडू नका. डबा घरी घेऊन जा. ज्यांचा आवाज गेलाय त्यांना मला आधी भेटू दे. संध्याकाळी येतो.”

त्यानंतर तो बऱ्याच संध्याकाळी आला.

पहिल्या दिवशी त्याने नवा आवाज लावून दाखवला. नव्या आवृत्तीत तो फुकटच मिळत होता. स्वच्छ, खणखणीत, शुद्ध मराठी. बाबांनी आपल्या लिपीत एकच शब्द टाइप केला आणि तो आवाज म्हणाला, “चिऊ.” अगदी बिनचूक. तिच्या अंगावर शहारा आला. घरात कुणी परका शिरावा आणि त्याने आपल्याला लाडक्या नावाने हाक मारावी, तसं वाटलं. बाबांनी स्पीकरचं बटण बंद केलं आणि पडद्यावर लिहिलं, ‘हा नको. तुझ्या आईने हा ऐकलेला नाही.’

तेव्हापासून घर मुकं झालं. बाबा गरजेपुरतं टाइप करायचे आणि तिने खांद्यामागे उभं राहून वाचायचं. पूर्वी ती स्वयंपाकघरात असताना पलीकडून ‘चाऊ, करपतंय’ असं ऐकू यायचं. आता खरोखरच करपायचं.

दुसऱ्या दिवशी आशा उगवली. या नव्या संगणकाच्या पोटात तो एक जुना संगणक उभा करणार होता. म्हणजे वरून नवं, आतून जुनं. “सासरी गेलेल्या मुलीसारखं,” तो म्हणाला. ती कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा हसली. बाबांनी वळून पाहिलं. आणि खरंच, जुना प्रोग्राम उघडला! स्पीकरमधून घसा खाकरल्यासारखा आवाज आला. बाबा खुर्चीत ताठ बसले. मग पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं, ‘परवाना तपासत आहे…’

“फिरू दे,” ती म्हणाली. “मी चहा टाकते.”

ती ट्रे घेऊन आली तेव्हा चक्र नव्हतं. बाबांचं बोट लिहिलेलं काही भराभर पुसत होतं. तो उगाच वायर गुंडाळत होता.

“काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता. “उद्या अजून एक गोष्ट करून बघतो.”

हेच त्याचं पालुपद झालं. रोज काहीतरी उघडायचं, काहीतरी लावायचं, आणि उठताना ‘अजून एक गोष्ट करून बघतो’. तिने त्याचं नावच ‘अजून-एक’ ठेवलं.

“अजून-एक आले का?” कामावरून आल्यावर ती दारातूनच विचारायची.

“आले,” आतून तोच उत्तर द्यायचा. “चष्मेवाल्या बाई आल्या का?”

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलत विचारायची, ‘हे बरं, की हे?’ त्याने ते बरोबर हेरलं होतं. ती चहात साखर घालायला लागली की त्याच्या डोळ्यांत एकदम मिश्किल चमक यायची.

“हे बरं, की हे?” ती एक चमचा आणि दोन चमचे दाखवायची.

“जरा जवळ आणा. नीट दिसत नाही.”

“चष्मा सरळ करून घ्या आधी. चष्मेवालीच्या घरी वाकडा चष्मा घालून येता, लाज नाही वाटत?”

“सरळ झाला तर तुम्ही सारख्या बघाल कशाला?”

अशी उत्तरं तिला नंतर भांडी घासताना आठवायची, आणि नळ वाहत राहायचा. मग शेजारच्या खोलीत बाबांच्या खुर्चीची करकर ऐकू यायची. नुसती करकर. ती नळ बंद करायची आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण खरं सांगायचं तर तिच्या मनात पाप आलं होतं. जिना चढताना ती म्हणायची, आज आवाज परत येऊ दे. शेवटच्या पायरीवर आत त्याच्या चपला दिसल्या की म्हणायची, आज नको, उद्या. आवाज आला की हा यायचा थांबणार. स्वतःच्या बापाचा आवाज ती पुढे ढकलत होती. ‘आत्ता नको’, ‘आत्ता नको’… ज्या बटणावर इतके दिवस बोट ठेवत आली होती, त्यावर आता तिचा जीवच जडला होता. आपल्याइतकी वाईट मुलगी कुणी नसेल, असं तिला वाटायचं. बाबा दिवसेंदिवस वाळत चालले होते. टाइप करणंही त्यांनी जवळजवळ सोडलं होतं.

एका संध्याकाळी त्याच्या चष्म्याची दांडी अखेर निखळलीच. ती आतून आपला छोटा पेचकस घेऊन आली. बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते. त्याने चष्मा तिच्या हातात दिला. चष्म्याविना त्याचे डोळे फार उघडे आणि घाबरलेले दिसत होते.

“एक सांगू?” तो म्हणाला. “आत्ताच सांगतो. चष्मा नाही, म्हणजे तुमचा चेहरा दिसणार नाही.”

बारीक स्क्रू तिच्या बोटांत ठरेना.

“तो आवाज परत येणार नाही.”

पेचकस थांबला.

“तो प्रोग्राम नव्याने लावला, की सुरू व्हायच्या आधी ज्या कंपनीने बनवला तिची परवानगी मागतो. कंपनीच बंद पडलीय. तो विचारत राहतो, पलीकडे उत्तर द्यायला कुणी नाही… मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

“दुसऱ्या दिवशी?”

“हो.”

“मग रोज काय करत होतात?”

“काही नाही. उघडायचो, बंद करायचो. तुमची वाट बघायचो. मला तुम्ही… मला तुम्ही आवडता. फार. ते सांगायचं धाडस नव्हतं, आणि इथून उठायचंही नव्हतं.”

ज्या शब्दांची ती कितीतरी दिवस वाट पाहत होती ते असे आले, हातात हात घालून दुसऱ्या बातमीबरोबर. तिला आनंद झालाच नाही असं नाही. झाला, आणि म्हणूनच जास्त संताप आला. तिने स्क्रू घट्ट पिळला आणि चष्मा त्याच्या हातात ठेवला.

“घाला,” ती म्हणाली. “आणि बघा माझा चेहरा.”

त्याने घातला. चष्मा पहिल्यांदाच सरळ बसला होता. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली.

“माझे बाबा रोज त्या डब्याकडे डोळे लावून बसायचे. कळलं त्याच दिवशी सांगितलं असतं तर रडून मोकळे झालो असतो आम्ही. तुम्ही त्यांना झुलवत ठेवलं. जा तुम्ही.”

त्याने एकदा खिडकीशी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. मग तो गेला. कोपऱ्यातली अवजारांची पिशवी तशीच राहिली.

ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. सगळं संपलं होतं. आवाज गेला, तोही गेला, आणि दोन्ही तिच्याच हाताने. पंखा फिरत होता. डबा गुरगुरत होता. कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली.

मागे खुर्ची करकरली. मग कीबोर्ड वाजला. टक. टक. तिने वळून पाहिलं नाही. वाचायला उठायचं त्राण नव्हतं.

आणि खोलीत एक आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, परका.

“चाऊ.”

ती दचकून वळली. बाबांनी स्पीकर लावला होता. नवा आवाज. ‘चिऊ’ त्याला बिनचूक म्हणता येत होतं, तरी इतकी वर्षं यंत्राने केलेली चूक आज बाबांनी आपल्या बोटाने लिहिली होती.

टक. टक. फार वेळ लागत होता.

“त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. तुला सांगू नको, असं मीच म्हणालो.”

“बाबा…”

टक. टक. टक.

“तू हसली होतीस. आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. म्हटलं, माझा आवाज गेला तर गेला. हा येऊ दे.”

ती उठली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पण कापणारा हात तिला उठवत होता, दाराकडे दाखवत होता, आणि मग त्या अवजारांच्या पिशवीकडे.

तो जिन्याच्या खालच्या वळणावर पायरीवर बसला होता. पिशवी विसरली होती, आणि बेल वाजवायचं धाडस होत नव्हतं. तिच्या हातातली पिशवी बघून तो उभा राहिला. ही शेवटची भेट, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.

“मी बोलले तेव्हा बाबांचं नाव का नाही घेतलंत?” तिने विचारलं.

“तुम्ही त्यांच्यावर चिडला असतात, तर त्यांना तुमच्याशी भांडायला आवाज नव्हता. मला होता.”

ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली.

“नाहीच येणार परत?”

“नाही.”

“काहीच करता येणार नाही?”

तो ओठांवर आलेलं गिळत होता, हे तिला दिसलं. “नाही,” तो म्हणाला. “आता करून बघण्यासारखं काही उरलं नाही.”

तेव्हा कुठे ती त्या आवाजासाठी रडली. माणूस गेल्यावर रडतात तशी, मोकळी, हुंदके देत. घोगऱ्या, नाकातल्या, सर्दी झालेल्या त्या आवाजासाठी, जो आईशी भांडला होता आणि तिला नाव देऊन गेला होता. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि एक पायरी वर सरकला. मग तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवला नाही.

वरून तो नवा, शुद्ध आवाज जिन्यात घुमला.

“चाऊ, दार उघडं राहिलंय.”

त्याने चमकून वर पाहिलं. “चाऊ? पण हा आवाज तर…”

“बाबांनी मुद्दाम चुकीचं लिहिलंय.”

त्याने ते नाव ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिलं.

“चाऊ,” मग तो स्वतःच म्हणाला, जपून, पहिल्यांदाच. “असंच ना?”

“असंच.” तिने डोळे पुसले. “चला वर. दार उघडं राहिलंय.”