सांध्यातला मळ

माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या खिशातला चाकू कधी उघडून पाहिलेला नसतो. मी पाहतो, माझा धंदाच तो आहे. जुने घडीचे चाकू आणि मल्टिटूल, म्हणजे पक्कड, पातं, पेचकस, कात्री असं सगळं एका मुठीत दुमडून बसणारं अवजार, यांचे मी अगदी जवळून फोटो काढतो. इतक्या जवळून, की तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू पडद्यावर ताटाएवढा दिसतो.

माल पाठवणारा व्यापारी गळ्यात दोरीने भिंग अडकवून फिरतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव भिंगवाले. त्यांचा नियम एकच. अवजार आलं की आधी मळासकट फोटो, मग सफाई, मग पुन्हा फोटो, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापायचे. मळ दिसला की गिऱ्हाइकाला माल खरा वाटतो.

त्यामुळे माझ्या वहीत क्रमांक आणि वजनाच्या पुढे आणखी दोन रकाने आहेत: मळ कुठे, आणि मालक कसा असावा. क्रमांक ४१, पात्याच्या मुळाशी वाळलेला फळाचा रस, रसात मुंगीचा पाय; मालक अधाशी. क्रमांक ६८, छोट्या पेचकसाच्या टोकाला पिवळं मेण. कानातलं असावं, म्हणून वास घेऊन खात्री केली. करायला नको होती. क्रमांक ९०, कात्रीत अडकलेला पायाच्या नखाचा तुकडा. हा चाकू एका अत्यंत टापटीप दंतवैद्याचा, असं भिंगवाल्यांनी हसू दाबत सांगितलं होतं.

सफाई माझे सासरे करायचे. जन्मभर कारखान्यात फिटर होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत जे बसले, ते उठेचनात. जेवण म्हणजे दोन घास. वजन एकावन्न किलोवर आलं तेव्हा डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, यांनी खायचं ठरवलं नाही तर मी काही करू शकत नाही.

त्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांना काहीतरी काम द्या. हात रिकामे राहिले तर ते जातील. आई गेली तेवढं पुरे झालं मला."

मी त्यांना ब्रश, तेलाची कुपी आणि कापूस दिला. महिन्याभरात माणूस ताठ झाला. दाढी करू लागला, मला टोमणे मारू लागला. "जावईबापू, तुम्ही नुसती बटणं दाबता. अवजाराला माणसात आम्ही आणतो." वजन चोपन्न.

त्यांची एकच सवय मला सोसायची नाही. काम करताना ओठांच्या कोपऱ्यात दात कोरायची काडी. चाकूची फट आली की काडी तोंडातून काढायची, फटीत फिरवायची, मळ कागदावर झटकायचा आणि काडी परत तोंडात.

"बाबा, अहो काडी!"

"कसली काडी?" ती या गालातून त्या गालात जायची. "तेल पोटात गेलं तर म्हाताऱ्याचे सांधे मोकळे होतील."

मी तोंड फिरवायचो.

क्रमांक ११७ सोमवारी आला. जाड पकडीचं मल्टिटूल, बनवणाऱ्याची खूण कुठेच नाही, वजन दोनशे एकेचाळीस ग्रॅम. पक्कड उघडली तर सांध्यात करडा, ओलसर मळ होता. मोरीच्या जाळीखाली साचतो तसा. त्यात एक आखूड पांढरा केस.

इतक्या जवळून फोटो काढताना केसभर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा सरकपट्टीवर बसवतात. दर सेकंदाला तो केसभर पुढे सरकतो आणि एक फोटो घेतो. असे साठ झाले की संगणक त्यांतले स्पष्ट तुकडे जोडून एकच फोटो बनवतो. त्या मिनिटभरात काहीही हलता कामा नये. शेजारच्या खोलीत कोणी पाय आपटला तरी चित्र फरफटतं.

११७चा फोटो जोडून आला. धातूवरचा ओरखडा न् ओरखडा लख्ख. मळ तेवढा फरफटलेला.

"बाबा, जरा स्वस्थ बसत जा ना."

"भिंतीसारखा बसलोय. कॅमेरा म्हातारा झालाय तुमचा."

त्यांनी नेहमीप्रमाणे तोंडातल्या काडीने सांधा साफ केला. मी भिंगाखाली तपासला, आरशासारखा होता. फोटो होईपर्यंत अवजार उघडंच ठेवायचं, तसं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईनंतरचा फोटो घ्यायला बसलो, तर मळ जागच्या जागी. ओला.

"काल राहून गेलं वाटतं थोडं," मी म्हणालो.

बाबांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्यादेखत पुन्हा सफाई केली, दुप्पट वेळ लावून. बुधवारी मळ पुन्हा होता. मी त्याचा एक गोळा काचेवर घेतला आणि लेन्स लावली. टोमॅटोच्या सालीची बारीक गुंडाळी, एक बी, आणि सगळ्याला धरून ठेवणारी चिकट, पारदर्शक तार. आदल्या संध्याकाळी आमच्या घरी टोमॅटोचं सूप होतं.

वहीत मळाच्या रकान्यात मी 'अन्न' लिहिलं. मालकाचा रकाना कोरा ठेवला.

बाबा मात्र खूश. "हे संपतच नाही हो!" न संपणारं काम मिळालेल्या माणसाचा आनंद होता तो. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. बायको त्यांच्या ताटाकडे बघत राहायची आणि तिचं स्वतःचं निवायचं.

गुरुवारी दुपारी लेन्सवर वाफ धरली. लेन्स अवजारापासून दोन बोटांवर होती. खोली कोरडी, पंखा बंद, मी चार पावलं लांब. पुसली. पुन्हा वाफ. पुसलेल्या फडक्याला वास होता, सकाळी उठल्या उठल्या तोंडाला असतो तो. मी फडकं कचऱ्यात टाकलं. मग डबा बाहेर नेऊन ठेवला.

तशाच धुरकट अवस्थेत साठ फोटो घेतले. या वेळी ते जोडले नाहीत, पडद्यावर भराभर एकामागून एक पळवले. मळ वर येत होता, खाली जात होता. दर चार फोटोंनी एकदा. म्हणजे मिनिटाला पंधरा वेळा.

पुढच्या खोलीत बाबा वामकुक्षी घेत होते. मी घड्याळ धरून दारात उभा राहिलो आणि त्यांचं घोरणं मोजलं. पंधरा.

योगायोगावर माझा विश्वास आहे, पण तपासल्यानंतर. बाबांना उठवलं. खालून दूध आणायचं आहे म्हणून तीन जिने उतरवले आणि चढवले. ते धापा टाकत खुर्चीत बसले तेव्हा मी पुन्हा साठ फोटो घेतले. मळ दर दोन फोटोंना उसळत होता.

"जावईबापू," पुढच्या खोलीतून आवाज आला, "दूध तर घरात होतं की!"

मी बायकोला काही सांगितलं नाही. काय सांगणार? अवजार परत गेलं की प्रश्न मिटेल, असा सरळ हिशेब केला आणि भिंगवाल्यांना निरोप धाडला: ११७ घेऊन जा.

शनिवारी सकाळी ते आले. बाबा टेबलाशी चहा पीत होते, बायको त्यांच्या मागे उभी. भिंगवाल्यांनी ११७ उचललं, हातात तोललं, "वा, काय जड आहे!" म्हणाले आणि खटकन मिटलं.

बाबांचा कप वाटेतच थांबला.

ठसका नाही, खोकला नाही, कसलाच आवाज नाही. तोंड उघडं, छाती तशीच. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. बायको पाठीवर थापा मारत होती. "बाबा! बाबा, श्वास घ्या!" ओठ जांभळे झाले.

मला मोजायची सवय आहे. पंचविसापर्यंत मोजलं आणि भिंगवाल्यांच्या हातातून ते हिसकावून उघडलं.

बाबांनी श्वास ओढला. कप फुटला. माझ्या तळहातावर काहीतरी ओलं, ऊन टेकलं आणि आत गेलं.

"वय झालं की चहासुद्धा अडकतो," भिंगवाले म्हणाले आणि हात पुढे केला. "आणा इकडे. आणि मिटून द्या, उघडं कोण नेतं?"

"ते आमच्याकडेच राहील," बायको म्हणाली. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं.

भिंगवाले हसले. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून सांध्यावर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग त्यांनी भिंग काढलं, रुमालाने पुसलं, पुन्हा पुसलं, आणि चहाला हात न लावता निघून गेले. तेव्हापासून फोन उचलत नाहीत.

बायकोने बाटलीचं बूच कापून पकडीत अडकवलं. चुकूनही मिटू नये म्हणून. मग दोन्ही हात साबणाने धुतले. कोपरापर्यंत.

बाबा वाचले, असं आम्हाला वाटलं. पण वही माझ्याजवळ आहे. बाबा तीनतीनदा वाढून घेत होते आणि काटा त्रेपन्न दाखवत होता. मग एकावन्न. मग अठ्ठेचाळीस. ११७ मी रोज तराजूत ठेवायचो. दोनशे शेहेचाळीस. दोनशे बावन्न. दोनशे एकसष्ट.

त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा सफाई माझ्याकडे आली. दुपारपर्यंत मळ काढला नाही तर बाबांना धाप लागायची. मी सुई वापरायचो आणि नाकाला रुमाल बांधायचो. मळ काढताना सांध्याच्या आत गुलाबी, ओलं काहीतरी दिसायचं. सुई लागली की ते आकसायचं आणि बाबा बाहेर गाल चोळायचे. बोटांचा वास साबणाने जायचा नाही. त्या हाताने मी जेवेनासा झालो.

एका दुपारी काम आटोपून वर पाहिलं. रुमाल गळ्यात सरकला होता आणि ओठांच्या कोपऱ्यात काडी होती. ओली. तेलाची, आंबूस चव जिभेवर. ती मी कधी उचलली, किती वेळा फटीत घातली, आठवेना. मी मोरीवर जाऊन ओकलो.

त्या दिवशी काटा सत्तेचाळीसवर होता. बाबा खुर्चीत बसून म्हणाले, "पोटभर जेवलो की भूक जास्तच लागते हो, जावईबापू. गंमत आहे."

बायकोने मला पुन्हा स्वयंपाकघरात गाठलं.

"ते बाबांचं खातंय ना?"

"मला माहीत नाही."

"तुमच्या वहीत आहे सगळं. वाचलंय मी." तिने दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं. "मग त्याला वेगळं भरवू. बाबांचं बाबांना राहील."

"अगं, तू काय बोलतेयस?"

"मिटू शकता का तुम्ही ते? सांगा. मिटा, मी अडवत नाही."

तिने पावाचा मऊ भाग दुधात कुस्करायला घेतला.

आठवड्याने बाबा अठ्ठेचाळीस. पुढच्या आठवड्यात साडेएकोणपन्नास. बायको कित्येक दिवसांनी भांडी घासताना गुणगुणली.

काल सकाळी मी कामाच्या खोलीच्या दारात थांबलो. ऊन टेबलावर आलं होतं. ती पाठमोरी वाकली होती, एका हातात वाटी, दुसऱ्यात लहान चमचा. मला चाहूल न देता उभं राहायचं होतं, मी तसाच राहिलो.

"आ कर," ती हळू म्हणत होती. "शहाणं माझं. आ..."

लहान मुलाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसं तिचं उघडलेलं समोरच्या कपाटाच्या काचेत दिसत होतं.

मी मागे वळून पाहिलं. पुढच्या खोलीत बाबा खुर्चीत गाढ झोपले होते. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. पार उघडलं. मग मिटलं आणि त्यांनी गिळलं.

"बास कर," असं मला म्हणायचं होतं. शब्द होईना. तेव्हा कळलं की माझंही तोंड उघडंच आहे.

ते मिटायला मला हनुवटीखाली हात लावून वर ढकलावं लागलं.