श्वास, ऊब आणि घड्याळ

शलाकानं डोळे उघडले तेव्हा तिला वाटलं, आपण पोहोचलो. पेटीचं झाकण अर्धवट वर गेलं होतं आणि नाकाला थंड, शिळी हवा लागत होती. ती उठून बसली आणि आईबाबा कुठे दिसतात का ते पाहू लागली. ते आधीच्या जहाजानं गुरूच्या गॅनिमिड या चंद्रावर गेले होते, आणि तिथल्या तळावर उतरल्यावर तेच तिला घ्यायला येणार होते.

पण समोर नुसती पेट्यांची रांग होती. तिची पेटी सोडून प्रत्येकीवर निळा दिवा लागलेला होता. निळा दिवा म्हणजे आतलं माणूस झोपेत. मग आपण एकट्याच जाग्या कशा, हे तिला कळेना.

थोड्या वेळानं चाकांचा आवाज करत कोतवाल आला. ‘सारंग’ या जहाजाची राखण करणारा हा यंत्रमानव. दिवसभर जहाजात फेऱ्या मारायच्या आणि काही बिघडलं तर नोंद करायची, हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला कोतवाल म्हणत. त्यानं तिला शांतपणे सांगितलं की तिच्या पेटीच्या झाकणाची रबरी कड तडकली होती, हवा गळू लागली होती, म्हणून पेटीनंच तिला जागं केलं. मुलांच्या पेट्या लहान आणि साध्या असल्यानं ते लगेच जमलं. आता ती पेटी दुरुस्त झाल्याशिवाय तिला पुन्हा शीतनिद्रा (शरीर थंड आणि श्वास अगदी मंद करून घेतलेली लांबची झोप) घेता येणार नव्हती. आणि प्रवास अजून वर्षभराहून जास्त उरला होता.

“मग गौतमीआत्याला उठव,” शलाका म्हणाली. आत्या जहाजावरची संगणक अभियंता होती. तिला काय दुरुस्त करता येत नाही, असं शलाकाला कधी वाटलंच नव्हतं.

“उठवता येत नाही,” कोतवाल म्हणाला. “जागं करणाऱ्या प्रोग्रामची बांधणी होत नाही.”

तेव्हा शलाकाला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. फक्त ‘उठवता येत नाही’ एवढंच कळलं.

पहिले काही दिवस तिनं स्वतःची समजूत घातली. खायला भरपूर होतं. तिला कसलाच धोका नव्हता, असं कोतवालनं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते खरंही होतं. ती जेवायच्या मोठ्या टेबलाशी दर वेळी वेगळ्या खुर्चीवर बसायची. एकीवर कप्तान बसत, एकीवर आत्या. मग तिला ते नकोसं झालं आणि ती डबा घेऊन आत्याच्या पेटीपाशी बसून जेवू लागली. काचेतून आत्याचा चेहरा दिसायचा. भुवई जराशी वर चढलेली, जणू कुणी मध्येच काही विचारलंय. शलाका तिला दिवसभरातलं सगळं सांगायची. पण सांगण्यासारखं फार काही घडत नसे. खिडकीतले तारे हलत नसत. एकदा खूप वेळानं कोतवालशी बोलायला तोंड उघडलं तेव्हा आवाज घोगरा निघाला, आणि आपण कालपासून एक शब्दही बोललो नाही हे तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी ती खूप रडली.

पृथ्वीला विचारावं म्हटलं, तर त्याचीही सोय नव्हती. लांबचे संदेश घेणारा आणि पाठवणारा मोठा अँटेना प्रवासात मिटून ठेवलेला होता. तो उघडायचा तर अभियंत्याचा सांकेतिक शब्द लागे, आणि तो फक्त आत्याला ठाऊक होता.

रडून झाल्यावर शलाका कोतवालसमोर जाऊन बसली. “बांधणी म्हणजे काय ते मला नीट सांग,” ती म्हणाली. “मला समजेपर्यंत सांग.”

कोतवालला सांगायला वेळच वेळ होता. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, पण मोठा प्रोग्राम कुणी एकटाकी लिहीत नाही, असं त्यानं सांगितलं. तो अनेक तुकड्यांचा असतो, आणि ते तुकडे आणून, जुळवून एक चालता प्रोग्राम करणं म्हणजे बांधणी. मोठ्यांच्या पेटीला माणूस जागं करण्यासाठी दोन मुख्य तुकडे लागतात. ‘श्वास’ हा तुकडा श्वास हळूहळू वाढवतो. ‘ऊब’ हा तुकडा शरीर तापवतो. आणि दोघांनाही वेळ मोजायला तिसरा तुकडा लागतो, ‘घड्याळ’. एका तुकड्याला चालण्यासाठी दुसऱ्याची जी गरज लागते, तिला अवलंबित्व म्हणतात.

“मग घड्याळ नाहीये का?”

“दोन आहेत. अडचण तीच आहे.”

घड्याळाच्या दोन आवृत्त्या (एकाच तुकड्याची सुधारत नेलेली वेगवेगळी रूपं) जहाजावर होत्या, दुसरी आणि तिसरी. दुसऱ्या आवृत्तीचं घड्याळ दर सेकंदाला एक टिक करायचं. तिसऱ्या आवृत्तीचं एका सेकंदात दहा. ‘श्वास’ लिहिला गेला होता दुसऱ्या घड्याळासाठी. ‘इतक्या टिकांनंतर एक श्वास’ असा त्याचा हिशेब. त्याला तिसरं घड्याळ दिलं तर तो माणसाला दहापट वेगानं धाप लावील. ‘ऊब’ची नवी आवृत्ती मात्र तिसऱ्या घड्याळासाठीच लिहिलेली होती. तिला दुसरं दिलं तर ती दहापट सावकाश तापवील, आणि तोवर श्वास पुढे निघून गेलेला असेल.

“आणि हे जुळवतं कोण?”

जुळवणारीही दोन अवजारं होती, कोतवाल म्हणाला. ‘श्वास’ची बांधणी करणारं अवजार जुनं, ‘ऊब’ची करणारं नवं, आणि दोघांच्या सवयी निरनिराळ्या. एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या समोर आल्या, तर जुनं अवजार आपल्या तुकड्यानं स्वतः जी मागितली असेल ती उचलतं. नवं अवजार त्यांतली सर्वांत नवी उचलतं.

“समज, एका चौकटीसाठी दार आणायला दोन माणसं पाठवली,” कोतवाल म्हणाला. “एकानं चौकट करणाऱ्या सुताराला विचारून आणलं. दुसऱ्यानं बाजारात नुकतंच आलेलं आणलं. दोघांचंही आपल्या जागी बरोबर आहे. पण दारं दोन झाली आणि चौकट एकच.”

शेवटची तपासणी ते पाहते आणि बांधणी थांबवते. कोतवालनं ती कितीदा तरी करून पाहिली होती. दर वेळी तेच उत्तर.

शलाकाला आता निदान काय अडलंय ते दिसू लागलं. त्यानं एकटेपणा गेला नाही, पण दिवसभर डोक्याला काहीतरी काम मिळालं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, दोन्ही घड्याळं का नाही ठेवायची, ज्याचं त्याला? कोतवाल म्हणाला की काही ठिकाणी तसं करतातही, पण इथे श्वास आणि ऊब यांना पावलागणिक एकमेकांशी वेळ जुळवावी लागते. दोघांची घड्याळं वेगळी असून चालणार नाही. मग तिनं विचारलं, तिसऱ्या घड्याळावर चालणारा नवा ‘श्वास’ नाही का? जहाजावर नव्हता. निघाल्यानंतर ‘ऊब’ची नवी आवृत्ती पृथ्वीवरून आली, आणि पाठोपाठ अँटेना मिटला. ‘श्वास’ची नवी आवृत्ती नंतर पाठवली असेल तर ती पोहोचली नव्हती.

दोन्ही वाटा बंद झाल्या. शलाका आत्याच्या पेटीपाशी जाऊन काचेला गाल लावून बसली. काच गार होती. निघायच्या आधी आत्याच्या झोपेची चाचणी झाली होती, ते तिला आठवलं. आत्या चाचणी संपवून बाहेर आली तेव्हा तिची बोटं इतकी बधिर होती की स्वेटरची बटणं शलाकानं लावून दिली होती. पुढे कितीतरी दिवस आत्याच्या हातून चमचा पडायचा.

एकदम ती उठली आणि कोतवालला शोधत धावत गेली.

“चाचणीत आत्या जागी झाली होती,” ती म्हणाली. “तेव्हा सगळं जुळलं होतं. मग तेव्हा कुठली ‘ऊब’ होती?”

“आधीची. चौथी आवृत्ती,” कोतवाल म्हणाला. “ती दुसऱ्या घड्याळावर चालते.”

“ती आहे आपल्याकडे?”

“आहे.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. नवी आवृत्ती हाताशी असताना मी आपण होऊन जुनी घेत नाही, तसा नियम आहे. जुनी काढून नवी आणली, तर त्याला काही कारण असतं. जागं असलेल्या माणसानं होकार दिला तर मी मागे जाऊ शकतो. पण न समजता दिलेला होकार मला घेता येत नाही.”

मग त्यानं तिला विचारलं, आपण नेमकं काय करतोय? शलाका घाईनं म्हणाली, नवं वाईट आहे म्हणून जुनं घेतोय. कोतवालनं हा होकार मानला नाही. ती चिडली, फेऱ्या मारून आली आणि पुन्हा बसली. या वेळी ती सावकाश बोलली. प्रत्येक तुकडा आपल्यापुरता नवा असून उपयोग नाही. श्वासला कुठली घड्याळं चालतात ते बघायचं, उबेच्या प्रत्येक आवृत्तीला कुठली चालतात ते बघायचं, आणि दोघांनाही चालेल असं घड्याळ सापडेपर्यंत शोधत राहायचं. नव्यापासून सुरुवात करायची. अडलं तर एक पाऊल मागे यायचं आणि दुसरी वाट बघायची. सगळ्यात नवं शोधायचं नाही, सगळ्यांना चालणारं शोधायचं.

“आणि सापडल्यावर?”

“दोन्ही अवजारांना बजावून ठेवायचं. ठरलंय ते हेच, मधेच आपल्या मनानं बदलायचं नाही.”

“आता हे बरोबर आहे,” कोतवाल म्हणाला. “पण नवी ‘ऊब’ का आली ते अजून तू बोलली नाहीस.”

ते तिला आत्याच्या बोटांवरून कळलं होतं. चौथी ऊब छाती आणि पोट आधी तापवते, बोटांपर्यंत फार उशिरा पोहोचते. पाचवीत, म्हणजे नव्या आवृत्तीत, तीच चूक सुधारली होती. जुन्या उबेनं आत्याच्या जिवाला धोका नव्हता, पण बोटं पुन्हा बधिर होणार होती, आणि आता झोप चाचणीपेक्षा कितीतरी लांबची होती.

शलाकानं त्या दिवशी होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याला त्रास द्यायचा तो केवळ आपल्याला एकटं राहवत नाही म्हणून, हे तिला पटत नव्हतं. तिनं वर्षभर असंच राहून बघायची कल्पना करून पाहिली. टेबल, खुर्च्या, कोतवालची चाकं, न हलणारे तारे. मग काचेआडच्या त्या वर चढलेल्या भुवईकडे ती बराच वेळ पाहत राहिली. आत्याला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे शलाकाला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“माझा होकार आहे,” ती कोतवालला म्हणाली. “पण झाकण उघडलं की मला तिचे हात धरू दे.”

बांधणी सुरू झाली. श्वास आला, चौथी ऊब आली, दुसरं घड्याळ आलं, आणि कोतवालनं ती निवड पक्की करून दोन्ही अवजारांना बांधून दिली. तपासणी थांबली नाही. पेटीवरचा निळा दिवा विझला आणि पिवळा लागला.

झाकण वर आलं तेव्हा शलाकानं आत्याचे हात आपल्या हातांत घेतले. ते लाकडासारखे होते. ती एकेक बोट चोळत राहिली, तळव्यावर फुंकर घालत राहिली, स्वतःचे हात गार पडले की काखेत धरून गरम करून पुन्हा चोळत राहिली. आत्याच्या गळ्याशी रंग आला, मग गालांवर. कोतवालनं सांगूनही ती जेवायला उठली नाही.

आत्यानं डोळे उघडले आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग रांगेतल्या निळ्या दिव्यांकडे बघितलं, आणि सगळं ओळखलं.

“बाकी कुणी नाही?” तिनं विचारलं. “इतके दिवस एकटीच होतीस?”

“कोतवाल होता,” शलाका म्हणाली. आत्यानं बधिर हातांनीच तिला जवळ ओढलं.

आत्याच्या उजव्या हाताची बोटं पुष्कळ दिवस वळत नव्हती. म्हणून पेटीची नवी कड शलाकानं बसवली, आत्या शेजारी बसून सांगत होती तशी. अँटेना उघडतानाही सांकेतिक शब्द आत्यानं सांगितला आणि कळा शलाकानं दाबल्या. पृथ्वीवर साठवून ठेवलेले संदेश काही तासांनी एकामागून एक येऊ लागले. आईबाबांचा होता. आणि त्यांतच, फार पूर्वी पाठवलेला, तिसऱ्या घड्याळावर चालणारा नवा ‘श्वास’ होता.

तो बघून शलाकाचा चेहरा उतरला. हा आधी मिळाला असता तर आत्याची बोटं वाचली असती, ती म्हणाली.

“तो मिळवायला अँटेना उघडायला हवा होता,” आत्या म्हणाली. “अँटेना उघडायला मी जागी हवी होते, आणि मला जागं करायला हा हवा होता. असं एकमेकांवर अडलेलं असलं की त्याला चक्रीय अवलंबित्व म्हणतात. ते चक्र कुठेतरी तोडावंच लागतं. थोडं कमी चांगलं घेऊन तू तोडलंस. आता पोहोचल्यावर बाकीचे सगळे गरम बोटांनी उठतील.”

त्या दोघींनी पृथ्वीला लांबलचक संदेश पाठवला. पुढच्या जहाजांवरच्या दोन्ही अवजारांनी घड्याळ उचलण्याआधी एकमेकांना विचारावं, अशी मागणी त्यात होती. मजकूर आत्याचा होता, आणि खाली दोघींची नावं होती.

शलाकाची पेटी तयार होती. कोतवालनं विचारलं, झोपायची तयारी करू का? आत्या म्हणाली, आठवडाभर थांब, आम्हाला अजून खूप बोलायचंय. मग ती जेवायच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसली. शलाकानं शेजारची खुर्ची ओढली, चमच्यात भात घेतला आणि तिला भरवता भरवता पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.