लागलेलं लागलेलंच राहतं

तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणून दाखवली, तीही एका डाव्या डोळ्याने. तिला हसू आवरेना.

"छान पाठ आहे," ती म्हणाली. "फक्त हा तक्ता मी आज सकाळीच बदललाय."

तो कानापर्यंत लाल होत म्हणाला, "मित्राने फोटो पाठवला होता... जुन्याचा."

डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासायचं काम तिचं. लबाडी करणारे तिने पुष्कळ पाहिले होते, पण पकडलं गेल्यावर असा लाजणारा हाच पहिला. दिवसा फरशा वाहायचा, संध्याकाळी बॉक्सिंग खेळायचा. मान आत ओढून लढतो म्हणून सगळे त्याला कासव म्हणत. चार आठवड्यांवर आलेल्या लढतीसाठी त्याला डोळे ठीक असल्याचा दाखला हवा होता. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि सांगितलं, की डाव्या डोळ्याच्या पडद्याला चीर गेली आहे, त्या बाजूचं कडेचं दिसणं गेलंच. चीर लेझरने बंद करतो, पण आणखी एक ठोसा बसला तर हा डोळा विसरा.

लेझरनंतर तो दर मंगळवारी तपासणीला येऊ लागला. बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब ती घालायची आणि मग त्याला अर्धा-पाऊण तास बाकावर बसून राहावं लागायचं. जवळचं काही दिसत नसे, तरी तो मोबाइल लावून बसे. बॉक्सिंगची एक जुनी जपानी कार्टून मालिका... त्याच्या वडिलांच्या लहानपणची. नुसत्या आवाजावरून तो तिला सांगत राही – आता पाऊस लागलाय, आता भुवई फुटली, आता तो कुणाशीच बोलणार नाही. ती उगीचच त्या बाकापाशी रेंगाळे. निदान पहिले दोन मंगळवार तरी तिला ते उगीचच वाटलं.

एकदा तिने चिडवलं, की एवढ्या नव्या चकचकीत मालिका निघाल्या, आणि तुम्ही हे काय आजोबांच्या जमान्यातलं घेऊन बसलाय?

तो थोडा थांबून म्हणाला, "नव्यांत मार बसला तरी पुढच्या भागात माणूस धडधाकट. यात लागलेलं लागलेलंच राहतं. तरी तो उठतो... म्हणून खोटं वाटत नाही."

त्या संध्याकाळी तिने घरी ती मालिका लावली. त्याच्या वेडाचं मूळ कुठे आहे ते तिला शोधायचं होतं, म्हणजे उपटून काढता आलं असतं. शेंगा निवडत बसलेल्या आईने नाक मुरडलं. चित्रांची मारामारी कसली बघतेस, म्हणाली. आठवडाभरात मात्र आईच विचारू लागली, आज लावायचं ना? आणि एका संध्याकाळी मालिकेतला तो पोरगा आडवा झाला, पंच आकडे मोजू लागला, आणि आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ऊठ रे बाळा," आई पुटपुटली.

तिच्याही ओठांवर तेच होतं. आठ म्हणायच्या आत तो उठला. आईने सुस्कारा सोडला. तिला मात्र हायसं वाटलं नाही. ज्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्या दोघींनाही तो उठायला हवा होता. मग आता कुठल्या तोंडाने सांगायचं बाकावरच्या त्या कासवाला, की पडून राहा?

शेवटच्या मंगळवारी त्याने दाखल्याचा कागद पुढे केला. तिने लिहिलेला आकडा बघूनच डॉक्टर सही करतात, हे त्याला ठाऊक होतं.

"थोडं बरं लिहा ना."

"आहे ते लिहिणार."

"मग दुसरीकडून आणेन. न बघता सही देणारे आहेत."

"माहीत आहे मला." तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही मला आवडता. हवं तर हे लिहून देते. ते नाही."

त्याने कागद आपल्याकडे ओढला.

"मी लढत झाल्यावर विचारणार होतो तुम्हाला..."

"आता विचारा. लढू नका आणि विचारा."

"थांबलो तर... तर तुम्हाला आवडलेला तो मी राहणार नाही."

तिला हे खोडून काढायचं होतं. मनातल्या मनात तिने दोन-तीनदा सुरुवातही केली. पण आईच्या शेजारी बसून तिला जे कळलं होतं, ते आता विसरता येत नव्हतं.

"रविवारी लढतीला याल?" त्याने हळूच विचारलं.

"येईन. तुमच्या डाव्या बाजूला बसेन."

"डाव्या का?"

"तिकडून मी तुम्हाला दिसणार नाही."

तो हसला नाही. कागदाची घडी करून त्याने खिशात घातली. तुम्ही आहात एवढं माहीत असलं तरी पुरे, असं काहीसं बोलला आणि निघाला.

दार सताड उघडं होतं. तरी त्याचा डावा खांदा चौकटीवर आदळला.