भाकरतुकडा

मोडनिंबच्या फाट्यावर एसटीतून उतरताना वैजयंतीला आधी जाणवलं ते ऊन. तुर्कस्तानातल्या थंडीनं बोटांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या, आणि इथं मार्च लागायच्या आत डांबर तापलं होतं. ती सोलापूरच्या एका दवाखान्यात नर्स. भूकंपग्रस्तांच्या मदतीला जाणाऱ्या पथकात तिनं आपण होऊन नाव दिलं, तेव्हा ट्रक घेऊन गुजरातकडे गेलेल्या नवऱ्यानं फोनवरच हो म्हटलं, सासूनं नाक मुरडलं आणि सहा वर्षांच्या सृष्टीनं बोलणंच टाकलं. निघताना पोर निरोप द्यायलाही बाहेर आली नव्हती. आता वैजयंतीला एकच घोर लागला होता, पोर जवळ येईल की नाही. सॅकमध्ये तिच्यासाठी लोकरीची टोपी होती. सोलापूर जिल्ह्यात लोकरीची टोपी! पण तिथं दुसरं काही मिळालंच नव्हतं.

फाट्यावरच्या रज्जाकभाईंच्या फळांच्या गाड्यावर तिनं द्राक्षं मागितली.

"ताई, सकाळीच तर नेली की," ते म्हणाले. "पोरीला शाळेत सोडायला चालला होता तुमी."

"मी? मी तर आत्ता उतरतेय, रज्जाकभाई."

ते हसले. मग तिच्या पाठीवरच्या सॅककडे बघून हसायचे थांबले. वैजयंतीनं मनावर घेतलं नाही. दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस, कितीतरी चेहरे बघतो, होते गल्लत.

तिची सासू दगडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वैजयंती उंबऱ्याबाहेर थांबली. लांबून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय दगडाबाई कुणाला घरात घेत नसे, मग तो पोटचा पोरगा का असेना. एरवी वैजयंतीला त्याचं हसू यायचं. आज मात्र ती मुकाट्यानं उभी राहिली. त्या देशात जे काही अंगाला चिकटलं होतं ते उतरावं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

"हुबी का? ये की आत."

"आत्या, भाकरतुकडा?"

"आता गं बया! एकदा ओवाळलं की. किती येळा ओवाळू?"

"कधी?"

"आलीस त्या दिशी." दगडाबाईनं दाणे सुपात टाकले. "हितंच हुबी व्हतीस. डोक्यापास्नं पायापतोर नुसता शिमिटाचा धुरळा. सामान न्हाय, पायात चप्पल न्हाय. म्या तर घाबरलेच. पैलं ओवाळलं, मग आत घेतलं."

म्हातारीला भ्रम झालाय म्हणावं, तर रज्जाकभाईंचं काय?

"मग... मी काय बोलले?"

"बोलतीस कुटं तवापास्नं? पर पोरीचं लई करतीस. दुदावरची साय काढून देतीस. निजताना पाठीवर बोटानं हत्ती काढतीस."

पाठीवरचा हत्ती. ते त्या मायलेकींचं गुपित होतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

घराबाहेर एकीला होतं.

तुर्कस्तानात एका पडलेल्या इमारतीखाली एक बाई अडकली होती. स्लॅबच्या फटीतून तिचा फक्त हात बाहेर आला होता. पथकप्रमुख म्हणाले होते, बोलत राहा, तिला झोपू देऊ नका, भाषा कळली नाही तरी चालेल. बोलून बोलून बोलायचं तरी काय? वैजयंतीनं तो हात हातात घेतला आणि मराठीत आपलं घरच सांगायला लागली. मोडनिंबचा फाटा, द्राक्षांचा गाडा, गिरणीचं वळण, ओट्यावर बसणारी सासू. मग दूध, साय, हत्ती. सृष्टीचं नाव आलं की ती बोटं घट्ट आवळली जायची. म्हणून ती तेच नाव परत परत घेत राहिली. हात गार पडल्यावरसुद्धा.

आज तिला त्या सांगण्याची भीती वाटली.

"आत्या, सृष्टी कुठंय?"

"साळंत. तूच न्हाय का मगाशी तिला आणाया गेलीस..."

दगडाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं सुनेची सॅक पाहिली, बूट पाहिले. मग ती वाकून रस्त्याकडे बघायला लागली.

वैजयंती धावत सुटली.

शाळेच्या व्हरांड्यात सृष्टीच्या बाई उभ्या होत्या.

"अहो, आत्ताच तर नेलंत तिला!"

"कुठं? कुठल्या बाजूला?"

बाईंनी गोंधळून महामार्गाकडे हात केला. रस्ता लांबवर मोकळा होता.

"बरं झालं परत आलात, डबा राहिलाय तिचा," बाई म्हणाल्या. "मी मागनं किती हाका मारल्या, सृष्टी, सृष्टी म्हणून. पण तुमचं दोघींचं त्या तिकडच्या भाषेत काय ते चाललं होतं ना! पोर भराभरा बोलत होती. स्वतःच्या नावाला तिनं मानसुद्धा वळवली नाही."